हातवाल्या बाई

बाईंच्या खोलीत शिरल्यावर माणसानं नमस्कार केला नाही तरी चालायचं, पण दोन्ही हात टेबलावर ठेवावे लागायचे. तळवे वर. बाई प्रोबेशन अधिकारी होत्या. कोर्टानं तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेली एकशे बारा माणसं त्यांच्या गळ्यात होती. ही मंडळी तोंडानं काय वाटेल ते सांगतात, हात मात्र खरं सांगतात, असं बाईंचं बावीस वर्षांचं मत. राबणाऱ्याचा तळवा वेगळा, पत्ते पिसणाऱ्याचा वेगळा. "मला हात दाखवायलाच येतोस ना, मग नीट दाखव," म्हणत त्या चष्मा नाकावर ओढायच्या. मंडळींनी त्यांचं नाव हातवाल्या बाई ठेवलं होतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सरकारनं या कामाला निधी द्यावा म्हणून बाईंनी इतकी पत्रं लिहिली होती, की त्यांचं अक्षर दिसलं की वरच्या कचेरीतले लोक चहाला उठायचे. शेवटी निधी आला. सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये म्हणून त्यातून कामाचं शिक्षण सुरू झालं, आणि पाठोपाठ हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र आलं.

त्या शिक्षणातून फरशीवाला घडला. हा पूर्वी कुलपं उघडण्यात पटाईत. एका कपाटाच्या काचेवर अंगठा उमटवून बसला आणि सापडला. आता दिवसभर सिमेंट कालवून फरश्या बसवायचा, त्याही अशा की सांधा शोधावा लागे. बाईंना त्याचा फार अभिमान होता. तो दिसू नये म्हणून त्या त्याच्यावर जरा जास्तच खेकसायच्या.

एका सोमवारच्या हजेरीला यंत्रानं त्याचा अंगठा नाकारला तेव्हा बाईंनी ते मनावर घेतलं नाही. रजिस्टरात नोंद करून मोकळ्या झाल्या. पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी त्याची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. "पळ तू, मी लिहून ठेवते," बाई म्हणाल्या, आणि साफ विसरल्या. यंत्र विसरलं नाही. तीन गैरहजेऱ्या झाल्या की ते कोर्टाला परस्पर कळवत होतं. बाईंना हे समजलं तेव्हा पोलिसांनी फरशीवाल्याला कामावरून, ओल्या सिमेंटच्या हातांनिशी, उचललं होतं.

आज कोर्टात त्याची देखरेख रद्द झाली तर दोन वर्षं आत. बायको मागच्या बाकावर नऊ दिवसांचं बाळ घेऊन बसली होती.

सकाळी बाई रजिस्टरातल्या तिसऱ्या सोमवारच्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवून पाच मिनिटं बसल्या होत्या. एक ओळ खरडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण असल्या ओळी खरडणाऱ्यांवरच तर त्या देखरेख ठेवत आल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

सरकारी वकिलांनी रजिस्टर चाळलं. "पेनानं काय, काहीही लिहिता येतं. आणि साहेब, तिसऱ्या सोमवारी तर नोंदच नाही."

"चूक माझी आहे, साहेब," बाई न्यायाधीशांना म्हणाल्या. "तो आला होता. मी लिहायला विसरले."

"म्हणजे पुरावा काहीच नाही?"

"ते यंत्र मागवा. इथंच लावू दे त्याला अंगठा."

यंत्र आलं. उजवा अंगठा, लाल दिवा. डावा, लाल दिवा. दहाही बोटं झाली. यंत्राचं म्हणणं एकच, व्यक्ती हजर नाही. व्यक्ती घामानं निथळत समोर उभी होती. कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

त्यानं सवयीनं तळवे वर करून हात टेबलावर ठेवले. न्यायाधीश वाकले. बोटांची टोकं घासलेल्या फरशीसारखी गुळगुळीत होती. सिमेंटनं रेषा खाऊन टाकल्या होत्या.

"मग हे तर जास्तच घातक!" वकील उसळले. "ठसेच उमटत नाहीत म्हटल्यावर याला रान मोकळं!"

हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझा जुना जोडीदारही हेच म्हणाला, साहेब," फरशीवाला खाली बघत बोलला. "पंधरा दिवस झाले. म्हणाला, असा अंगठा नशीबवानाला मिळतो. एकच काम करू, कुणाला कळणार नाही."

"मग?"

"मग काय. त्याला म्हटलं, सोमवारी बाई हात बघतात."

न्यायाधीशांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"यंत्र याला ओळखत नाही. मग दर सोमवारी याला ओळखणार कोण?"

"मी ओळखते, साहेब."

देखरेख कायम राहिली. नोंदीत हयगय केल्याबद्दल बाईंना लेखी ठपका मिळाला, नोकरीतला पहिलाच. तो त्यांनी सही करून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

बाहेर फरशीवाल्याच्या बायकोनं बाळ त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि सवयीनं आधी त्याची मूठ उघडून पाहिली. शेंगदाण्याएवढ्या अंगठ्यावर सगळ्या रेषा जागच्या जागी होत्या. मग मात्र बाईंना रडू आवरलं नाही.