परदेशी सारणी

वीणेच्या पहिल्या तारेला सारणी म्हणतात. आमच्या तंजावरात तेव्हा मिळणारी सारणी दोन दिवसांत सूर सोडी. आयातीला परवाना आणि वर जकात, त्यामुळे परदेशी तार यायची ती सिंगापूरच्या नातेवाइकाच्या बिस्किटांच्या डब्यातून. माझ्या आत्याकडे अशी एकच होती.

आत्या राजवाड्यामागच्या गल्लीत वीणा शिकवायची. गंजू नये म्हणून तिने ती तार पाकिटात घालून तांदळाच्या बरणीत ठेवली होती. काचेतून पाकिटावरची देवनागरी अक्षरं दिसत. मी तमिळ शाळेतली. मराठी बोलता येई, वाचता येत नसे. 'हात लावू नये' असं लिहिलं असेल, असं मी धरून चालले. आत्याच्या घरात बहुतेक वस्तूंवर ते न लिहिताही लिहिलेलं असे. दहा वर्षं मी देशी तारेवर घासत बसले आणि त्या बरणीकडे बघून जळले.

मग देशाचे दरवाजे उघडले. कोणाशी करार झाला, कशावरची जकात उतरली, हे वडील कॉफी पिताना पेपरातून मोठ्याने वाचत. पामतेल, बदाम, घड्याळं. तारांचं नाव कधी आलं नाही, पण वर्षभरात बाजारात त्यांची जुडगी जानव्यांसारखी टांगलेली दिसू लागली. तिरुवैयारूला माझी पहिली कच्चेरी, म्हणजे जाहीर कार्यक्रम, ठरली होती. मी एक तार घेतली, वीणेवर चढवली आणि ऐटीत तालमीला गेले.

"बाहेरची सारणी?" आत्याने विचारलं.

"कडैत मिळते, आत्या. आतां अस्क्यांना मिळते." कडै म्हणजे दुकान, अस्के म्हणजे सगळे.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तालीम सुरू केली.

पुढच्या आठवड्यात बरणीत नुसते तांदूळ होते. आत्याला नवा काळ कळला, असं वाटून मी खूशही झाले. कच्चेरीला ती पहिल्या रांगेत बसली होती. चेहरा नेहमीचाच.

ती गेल्यावर तिची वीणा माझ्याकडे आली. खोळीच्या कप्प्यात ते पाकीट होतं. तोवर मी बालवाडीच्या पुस्तकावरून देवनागरी शिकले होते. पाकिटावर माझं नाव होतं, आणि खाली 'पहिल्या कच्चेरीला'.

मी खूप रडले. मग रागही आला. तोंडाने सांगायला कुठली जकात पडत होती?