अक्काचं कार्ड

माझ्या मेहुण्याइतका भोकांवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ, बेळगावहून येऊन इथल्या सरकारी कारखान्यात लागलेला. तिथं कार्डांना भोकं पाडून हजारो सुट्या भागांची नोंद ठेवायचं मशिन होतं. ते बघितल्यापासून त्याला घरच्या डाळींच्या डब्यांनाही कार्डं लागायला लागली. एका लग्नात पंगतीतल्या कुणाला गोड चालत नाही याची कार्डं घेऊन तो वाढप्यांच्या मागं फिरत होता. आचाऱ्यानं झारा उगारला, तर म्हणतो, "स्वल्प थांबा, तुमचंही कार्ड काढलंय!"

माझं शिवाजीनगरात शिंप्याचं दुकान, मागं घर. चौथीपर्यंत शिकलेलो मी. मापं भिंतीवर खडूनं लिहायचो. एकदा जाड्या सुभेदाराची पँट काटकुळ्या मास्तरांना दिली गेली. मास्तर ती दोन्ही हातांनी धरून दुकानात आले. मेहुण्यानं तिथंच बैठक मारली आणि आठवडाभरात प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड केलं. कार्डावर माप, वरच्या कडेला भोक. ज्याचं कापड शिवायचं राहिलंय, त्याचं भोक कात्रीनं कडेपर्यंत फाडायचं. मग गठ्ठ्याच्या भोकांतून बायकोची लोकर विणायची सुई घालून उचलली, की तेवढीच कार्डं टपाटप खाली. काम झालं की फाटक्या भोकावर कागदाची पट्टी चिकटवून नवं भोक पाडायचं. मी गिऱ्हाइकांदेखत त्याला 'भोकपंडित' म्हणायचो. पण मापं चुकेनात, दसऱ्याचे कपडे दसऱ्याला जायला लागले. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही.

त्याच्या अक्काचं, म्हणजे माझ्या बायकोचंही कार्ड त्यानं केलं होतं. माहेरहून आलेला मोरपिशी खण, त्याची चोळी शिवायची होती. दर शनिवारी तो सुई उचलायचा आणि ओरडायचा, "भावोजी, अक्का पडली!"

"घरचंच काम आहे ते. घाल परत गठ्ठ्यात."

आतून ती म्हणायची, "राहू दे रे, मला आता सवय झालीय पडायची." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो. असे तीन दसरे गेले, आणि ती चार दिवसांच्या तापात गेली.

तेराव्यानंतर मेहुणा दुकानात आला. सवयीनं त्यानं सुई उचलली. एकच कार्ड पडलं. मी म्हणालो, "लाव त्याला पट्टी, संपव एकदाचं." त्यानं कार्ड उचलून माझ्यासमोर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "भावोजी, पट्टी काम झाल्यावर लावायची असते."

त्याच दिवशी खण कापला. माप कार्डावरचं, तिच्या जुन्या चोळीवरून त्यानं उतरवलेलं. मी शिंपी, पण माझ्या हातानं तिचं माप एकदाही घेतलं नव्हतं. तो शेजारी बसून राहिला, मी शेवटचा टाका घातल्यावर त्यानं खळ आणून पट्टी लावली आणि नवं भोक पाडलं. चोळी अंगाला बरोबर बसली असती की नाही, आता कोण सांगणार?

आता तोही थकलाय. दुकान बंद झालं तरी गठ्ठा मी टाकलेला नाही. कधीतरी शनिवारी सुई घालून उचलतो आणि खाली हात धरतो. ते कार्ड आता पडत नाही.