भोंगेवाला सेल्सो आणि डॉन आबुंदिओंचं आजारपण

४ मे २०१५ रोजी आमच्या पक्षाच्या प्रचारखात्यातून सेल्सो बारागानला नऊ हजार सहाशे पेसो दिले. पतपेढीतली नोकरी सांभाळून पक्षाचा हिशेब मीच ठेवायचो, त्यामुळे पावतीही मीच फाडली. मतदानापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ गावातून गाडी फिरवायची, उमेदवाराचं गाणं वाजवायचं, सभेची वेळ सांगायची, असं ठरलं होतं. सेल्सोने नोटा न मोजता खिशात घातल्या आणि विचारलं, "हिशेबनीस, मधे कोणी मेलं तर गाणं बंद करावं लागेल. त्याचे पैसे कापणार का?"

"किती वेळ बंद?"

"ते मेलेल्यावर आहे. डोन्या लुस गेल्या तेव्हा त्यांची टोपणनावंच चार सांगावी लागली."

कापणार नाही, असं मी सांगितलं. तो समाधानाने गेला.

सान हासिंतोत भोंग्याची गाडी एकच. पांढरा, दारांना गंज चढलेला पिकअप आणि टपावर दोन भोंगे. अकरा वर्षं सीमेपलीकडे फ्रेस्नोला द्राक्षं तोडून हा माणूस परत आला तो हे भोंगे घेऊन. त्याची बायको जिवंत होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोकांचे नवरे तिकडून फ्रीज आणतात, माझ्याने आवाज आणला." कोळंबी आली, कुणाची डुकरीण हरवली, गॅसची गाडी उशिरा येणार, उद्या चौकात कुत्र्यांना लस, हे सगळं गावाला सेल्सोकडून कळायचं. आवाज काही भारदस्त नव्हता. थोडा नाकातला आणि संथ. त्याने माशांचा भाव सांगितला तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटतं, असं बायका म्हणायच्या.

मयत मात्र तो वेगळ्या रीतीने सांगायचा. पूर्वी एकदा फोनवरच्या निरोपावर विसंबून त्याने डॉन एवारिस्तो (मानाच्या पुरुषाला आमच्याकडे डॉन म्हणतात, बाईला डोन्या) गेल्याचं गावभर सांगितलं होतं. डॉन एवारिस्तो संध्याकाळच्या बसने ग्वादालाहाराहून उतरले आणि स्वतःच्या दारात मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून कोण गेलं म्हणून विचारू लागले. तेव्हापासून सेल्सोने नेम केला. ज्यांचं मयत त्यांच्या घरी जायचं, दारात इंजिन बंद करायचं, आत बसून घरच्यांच्या तोंडून नाव, वय आणि चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ ऐकायची. भोंग्यावर सांगताना शेवटी "असं घरच्यांनी सांगितलं आहे" हे जोडायचं.

गावालाही ते अंगवळणी पडलं. एरवी त्याची गाडी कुठे थांबायचीच नाही; लोक चालत्या गाडीच्या खिडकीतून चिठ्ठी द्यायचे. तीच गाडी एखाद्या दारात गप्प उभी दिसली की शेजारीण त्या घरी न्यायची साखर बांधायला घ्यायची आणि कोपऱ्यावर डोन्या एर्मिला भट्टीत मयताच्या घरच्या पावांसाठी जागा करायची. भोंगा वाजायची वाट कोणी बघत नसे.

नगराध्यक्षपदाचे आमचे उमेदवार डॉन आबुंदिओ ओर्नेलास. चौकात त्यांचं पाण्याच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान. सेल्सो आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले. सेल्सोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला डॉन आबुंदिओंनी धर्मपिता म्हणून तिला हातांवर धरलं, त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे कोंपाद्रे झाले आणि आमच्या रिवाजाप्रमाणे अरे-तुरे सोडून अहो-जाहो करू लागले. शिव्या मात्र शाळेतल्याच राहिल्या. "कोंपाद्रे, आपण गाढव आहात," असं एक म्हणायचा आणि "आपल्याच संगतीत झालो," असं दुसरा.

मेच्या मध्यावर डॉन आबुंदिओ दिसेनासे झाले. दोन सभा त्यांच्याशिवाय झाल्या. घसा बसलाय, असं एफ्राइनने मंचावरून सांगितलं. एफ्राइन त्यांच्या बायकोचा भाचा, प्रचाराचा सूत्रधार आणि बदली उमेदवारही. आमच्याकडे मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली बदलीचं नाव छापलेलं असतं. निवडून आलेला मेला किंवा काम करेनासा झाला तर खुर्ची बदलीला मिळते. त्यामुळे घसा बसल्याची गोष्ट कोणालाच पटली नाही.

आधी लोक म्हणाले, हृदयाचा झटका आला. मग म्हणाले, कर्करोग. शेवटी न्हाव्याच्या दुकानात ठरलं की डॉन आबुंदिओ गेल्याच आठवड्यात वारले असून मतदान होईपर्यंत त्यांना बर्फाच्या कारखान्यात ठेवलं आहे. त्या आठवड्यात शहाळेवाल्याला बर्फ कमी मिळाला होता, एवढा पुरावा लोकांना पुरला. समोरच्या पक्षाची माणसं मतदारांना शांतपणे सांगत फिरत होती, "त्यांना मत म्हणजे भाच्याला मत."

खरं काय ते सेल्सोला ठाऊक असणार, असं सगळे धरून चालले होते. तो प्रचाराचं गाणं वाजवत जायचा आणि लोक खिडकीशी येऊन विचारायचे, "काय रे, नाव आलं का तुझ्याकडे?"

"आलं की तुझ्या एकट्याच्या कानात कशाला सांगीन?"

पण त्याला काहीच ठाऊक नव्हतं. एफ्राइनने कोणालाही भेटू द्यायचं नाही असं सांगून दाराशी माणूस बसवला होता. सेल्सो दोनदा चालत गेला आणि दोन्हीदा परत आला. मला म्हणाला, "हिशेबनीस, जिवंत माणसाचं गाणं वाजवतोय की मेलेल्याचं, हे तरी मला कळायला नको का?"

एका मंगळवारी दुपारी फेरी मारत तो त्या गल्लीत शिरला. दाराशी माणूस नव्हता, एफ्राइनची गाडी नव्हती, आणि डोन्या कूका, डॉन आबुंदिओंच्या पत्नी, दार अर्धं उघडून उभ्या होत्या. त्यांनी हातानेच बोलावलं. सेल्सोने गाणं बंद केलं, इंजिन बंद केलं आणि आत गेला. दारात गाडी गप्प उभी करणं म्हणजे काय, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आत काय झालं ते त्याने नंतर सांगितलं. डॉन आबुंदिओ मागच्या खोलीत खुर्चीत बसले होते. चेहरा मेणासारखा, पाय सुजून उशीवर ठेवलेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा ग्वादालाहाराला जाऊन रक्त धुऊन घ्यावं लागत होतं.

"कोंपाद्रे, आपण फारच वाईट दिसता," सेल्सो म्हणाला.

"आपण तर तब्येत चांगली असून असे दिसता."

"गाव म्हणतंय, तुम्हाला बर्फात ठेवलंय."

"या उकाड्यात बरंच झालं असतं. कूका, आपल्याला का नाही सुचलं?"

मग दोघे तासभर बोलत बसले. पोरीचं लग्न, दुकानातली उधारी, शाळेतला एक मास्तर.

तेवढ्या वेळात बाहेर गल्ली भरली. मी पतपेढीत होतो, तिथे शिपाई सांगत आला की सेल्सोची गाडी ओर्नेलासांच्या दारात उभी आहे. आम्ही काउंटर बंद केलं. मीही वाटेत कॉफीचं पुडकं घेतलं. मला शंका आली नाही. पोहोचलो तेव्हा मेणबत्त्या, तांदूळ, साखर, फुलं घेऊन चाळीसेक माणसं उभी होती, कोणीतरी घडीच्या खुर्च्या लावत होतं आणि डोन्या एर्मिला गरम पावांची टोपली घेऊन रडत होती. चर्चचा घंटावाला मला विचारत होता, "वय एकसष्ट ना? वाजवू का?"

"थांब," मी म्हणालो. "सेल्सोला बाहेर येऊ दे."

बाहेरचा गलबला ऐकून खिडकी उघडली. डॉन आबुंदिओच होते. आधी फुलांकडे, मग खुर्च्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने मेणबत्ती शालीआड करायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "तुम्ही, डॉन आबुंदिओ. माफ करा."

आधी ते स्वतःच हसले. मग खोकला लागून खाली बसले. पण त्यांचा तो रंग तेवढ्यात सगळ्यांनी पाहिला होता.

एफ्राइन आला तो गर्दी ढकलत. सेल्सो नुकताच दारात आला होता; त्याला त्याने भिंतीशी नेलं. मी जवळच होतो.

"तूच घातलेला हा गोंधळ आहे, तूच निस्तरायचा. आत्ता गाडी काढ आणि सांग की उमेदवार ठणठणीत आहेत. रविवारच्या सभेत नाचणार आहेत म्हणून सांग."

"मी आत्ताच त्यांना बघून आलोय."

"म्हणूनच तर लोक तुझं ऐकतील."

"म्हणूनच नाही सांगणार."

"पैसे घेतलेस ना पक्षाचे?"

"गाण्याचे घेतले. गाण्याला म्हणू दे ते ठणठणीत आहेत, मी अडवलंय का? माझ्या तोंडाने नाही. उद्या तुमच्या घरी कोणी गेलं आणि मी सांगितलं, तर लोक म्हणतील, हा तर काहीही सांगतो. मग घरोघर सांगत फिराल का?"

एफ्राइनने आवाज खाली आणला. "भोंग्याचा परवाना दर जानेवारीत नगरपालिका देते. जानेवारीत खुर्चीवर कोण असेल, याचा विचार कर."

सेल्सोला आता दुसरं कोणतंच काम झेपत नव्हतं. पाठ गेलेली, शेत नाही, मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला, आणि तो काय करणार हे मला सांगता आलं नसतं. गप्प बसून निघून जाणंही जमण्यासारखं नव्हतं. तो तसाच गेला असता तर संध्याकाळपर्यंत गावाने ठरवलं असतं की खिडकीत दिसला तो चुलत भाऊ होता.

शेवटी तो आत गेला आणि थोड्या वेळाने डॉन आबुंदिओंना धरून बाहेर आला. डोन्या कूका मागून टोपी आणि उशी घेऊन येत होत्या.

"मामा, या चेहऱ्याने फिरलात तर संपलं सगळं," एफ्राइन म्हणाला. "दोन आठवडे राहिलेत. फक्त दोन आठवडे आत बसा."

"आणि मग?"

"मग मी आहे ना."

"हो," डॉन आबुंदिओ म्हणाले. "लोकांना मला तेच तर विचारायचंय."

सेल्सोने त्यांना गाडीत बसवलं, पायाखाली उशी दिली, आणि मला हाक मारली. "हिशेबनीस, दोनशे पेसो द्या. टाकीत पक्षाचं पेट्रोल आहे, त्यावर यांना फिरवणार नाही. आधी पंपावर माझं भरतो."

"आत्ता हा हिशेब कशाला?"

"तुम्हीच विचारता हे?"

मी दिले. पंपावर त्याने आधी नळी लावून टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून ठेवलं आणि मग आपलं भरलं. तेवढा वेळ मागोमाग आलेली सगळी मिरवणूक पंपाशी उभी होती.

मग गाडी निघाली. गाणं नव्हतं. पहिल्या वळणावर सेल्सोचा आवाज आला, मयत सांगतानाचाच. "डॉन आबुंदिओ ओर्नेलास, वय एकसष्ट, पंपांचं दुकान. आजारी आहेत. जिवंत आहेत. असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे." मग त्याने माइक शेजारी दिला.

"मी आबुंदिओ," भोंगा म्हणाला. मधे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "माझी मूत्रपिंडं गेली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी रक्त धुवायला जातो. आज उशिरा जाणार आहे, कूका रागावली आहे. उरलेल्या दिवशी मी काम करू शकतो. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. मला नाही जमलं तर एफ्राइन बसेल, आणि त्याला तुम्ही ओळखता. हे सगळं बघून मत द्या. ज्यांनी साखर आणली त्यांनी ती परत घेऊन जा."

प्रत्येक गल्लीत हेच. लोक दारात उभे राहून ऐकत होते. बायका टोपीखालचा चेहरा नीट पाहून घेत होत्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका ठिकाणी एक माणूस खिडकीशी आला आणि आपल्या मेव्हण्यालाही हाच आजार आहे, मीठ अगदी बंद करा, असं सांगून गेला.

त्याच संध्याकाळी एफ्राइनने सेल्सोचं काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी सेल्सो माझ्याकडे आला आणि उरलेल्या दिवसांचे पैसे टेबलावर ठेवले. पेट्रोलचा कॅनही घेऊन आला होता. तो पतपेढीत कुठे ठेवायचा, असा प्रश्न मला पडला.

डॉन आबुंदिओ हरले. फार नाही, दोनशेच्या आसपास मतांनी. ती फेरी मारली नसती तर जिंकलो असतो, असं एफ्राइन अजून म्हणतो. डोन्या एर्मिला म्हणते, मेलेल्या माणसाला त्याहून कमी मतं पडली असती. मला दोघांचंही खोडता येत नाही. परवाना समोरच्या पक्षाच्या नगराध्यक्षाने दिला, काही न विचारता.

एफ्राइनने मामांना ग्वादालाहाराला न्यायचं सोडून दिलं. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे सेल्सो त्यांना नेतो. त्या दिवशी सकाळी गावात भोंगा नसतो, आणि कोळंबीवाला कुरकुरतो. टपावरचे भोंगे काढून ठेवले तर पेट्रोल कमी लागेल, असं मी त्याला सुचवून पाहिलं. "कोंपाद्रेना वाटेत कंटाळा येतो," तो म्हणाला. "येताना ते गावोगावच्या कोंबड्यांना भाषण देतात."

मी पुढच्या मार्चमध्ये पतपेढीतून निवृत्त होणार आहे. त्या मंगळवारी पेट्रोलसाठी दिलेल्या दोनशेपैकी सेल्सोने ऐंशी परत केले. एकशे वीस पेसो अजून यायचे आहेत.