लॉजच्या आवारातली गाडी

लॉजच्या आवारात दिव्याखाली गाडी लावली. मागच्या सीटवर माझ्या लेकीचा सगळा संसार कोंबलेला; काचेतून दिसू नये म्हणून वर चादर घातली होती. चादरीच्या कडेला उघड्या राहिलेल्या भांड्यांकडे डोकावून राखणदार म्हणाला, "लग्नाचं सामान वाटतं, साहेब?" उत्तर लेकीनेच दिलं. "हो काका. परत चाललंय."

ती वर खोलीत गेली. मी मात्र गाडीची दारं पुन्हा पुन्हा ओढून पाहत राहिलो. मिक्सर, भांडी, शिलाई मशीन परक्या जागी ठेवताना माणूस किती जपतो! मुलीला त्या घरी ठेवलं तेव्हा मी असं एकदाही काही ओढून पाहिलं नाही. ती रडत माहेरी आली, तर मीच जावयाला बोलावून घेतलं आणि "थोडं सांभाळून घे" म्हणत तिला त्याच्यासोबत परत धाडलं. एकदा नव्हे, दोनदा.

"बाबा, या आता वर," ती गॅलरीतून म्हणाली. "चोरून चोरून कोण काय नेणार आहे?"

वर गेलो. खोलीला आतून कडी होती. दार वाजवलं.

"कोण?"

"मी, बाबा."

तरी कडी निघेना. मग दाराजवळून तिचा आवाज आला, "एकटेच आहात ना?"