धवल्यामागचा कोरा च्या

बायजा लग्न होऊन करावे गावात आली आणि तिच्या नखांवरची हळद अजून गेली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कुडाच्या पलीकडे सासू-सासऱ्यांचं भांडण जुंपलं होतं. नव्या सुनेनं असल्या वेळी ऐकू येत नाही असं दाखवावं, ही रीत. बायजानंही तसंच दाखवलं. हातातलं सूप मात्र थांबवलं, कारण पाखडायच्या आवाजात शब्द नीट कळेनात.

"लगीन नाय, मांडव नाय, नवरी नाय. मंग धवला कोनाचा गाऊ? त्या डब्याचा?" सासू यशोदाबाई म्हणाली.

"डबा नाय तो, टेप हाय," सासरा तुळशीराम म्हणाला. "उद्या तू गेलीस तर तुझा गला कुठं ठेवू मी? पेटीन घालू?"

"मशीन लगीन लावत नाय. मशीनला नवरीचा नाव ठाव हाय का?"

यावर तुळशीराम मोठ्यानं खोकला. घरातल्या पुरुषांचं हे जुनंच आहे.

यशोदाबाई गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवला म्हणतात. धवलारीण त्यात नवरा-नवरीचं नाव गुंफते आणि त्या नावावर लग्न बांधलं जातं. ती नसेल तर तो मांडव मुका म्हणायचा. म्हणून धवला उगाच हौसेनं गायचा नाही, आणि लग्न न झालेल्या पोरीचं नाव तर त्यात चुकूनही घ्यायचं नाही, असं यशोदाबाई मानायची. पोर कुणाच्या गळ्यात बांधली, ते देवालाच ठाऊक व्हायचं!

तुळशीराम अंगानं काडी. खाडीत होरी, म्हणजे लहान होडी, घालून कोळंबी, निवट्या, कधी नशीब उघडलं तर जिताडा आणायचा. हौस एकच, टेप. तो होरीतसुद्धा टेप घेऊन जायचा आणि मासे पळतात म्हणून बायकोच्या शिव्या खायचा. पण तिच्या गाण्याचा त्याला फार मान. ती गायला निघाली की हा कंदील घेऊन पुढं. धवला संपला की लग्नघरच्या चुलीवर स्वतः आलं-गुळाचा कोरा च्या करायचा आणि घरून आणलेल्या पितळी पेल्यात तिला नेऊन द्यायचा. दुसऱ्याच्या पेल्यावर त्याचा विश्वास नव्हता. ती पिऊन होईपर्यंत समोर उभा. रिकामा पेला हातात आला की धुवून पिशवीत टाकायचा आणि मगच पंगतीला बसायचा. लोक त्याला धवलारणीचा च्यावाला म्हणायचे. तो म्हणायचा, नोकरी कायमची हाय, तुमच्यासारखी कंपनी बंद पडायचा भेव नाय.

त्या भांडणानंतर काही दिवस नवराबायको बायजाच्या तोंडून बोलत होते. 'त्यांना सांग जेवायला या', 'तिला सांग भूक नाय.' शेवटी यशोदाबाईनं अटी घातल्या. अंगणात खरा मांडव पाहिजे, आंब्याच्या डहाळ्या पाहिजेत, तांदूळ पाहिजेत. कॅसेट भरायला येणाऱ्या मशीनवाल्यानं चपला बाहेर काढून चटईवर बसावं. मागून ओळ झेलायला सून बसेल. आणि नावं? ती तिनं आधीच ठरवली होती.

"तुमचा नी माझाच घेतंय," ती म्हणाली. "आपला एकदा झालाय. आनखी एकदा झाला तर कोनाचा काय जातंय."

तसा तो धवला भरला गेला. तुळशीरामानं चार बांबू रोवले. मुंबईहून आलेला मशीनवाला निमूट अनवाणी बसला. यशोदाबाई गायली, 'खाडीच्या पान्यान गो होरी कोनाची आली, तुळशीराम नवऱ्याची होरी आली,' आणि बायजा मागून ओळीचं शेपूट झेलत राहिली. मध्ये कुत्रं भुंकलं, तेही भरलं गेलं. शेवटचा धवला झाला, मशीनवाला बटण दाबायला विसरला, आणि यशोदाबाईचा दमलेला आवाजही त्या फितीत शिरला: "झाला का? अवो, च्या आना."

कॅसेट निघाली नि करावेपासून तळवलीपर्यंत घरोघरी गेली. इथं आमच्या लोकांनी एक शहाणपणा केला. धवलारणीला बोलवा, तिची वाट बघा, तिला साडी द्या, त्यापेक्षा कॅसेट लावली की झालं! भोंगे लागले, हळदी लागल्या, नवरे घोड्यावर चढले, आणि प्रत्येक मांडवात लग्न लागत होतं ते यशोदा आणि तुळशीरामाचं. कुणाच्या ध्यानातही येईना. मग एका मांडवात नवरीची आजी उठून उभी राहिली. आपला जावई मिथुन ना, मग हा तुळशीराम कोण, असं तिनं भर मांडवात विचारलं. म्हातारी घाबरून रडायलाच लागली. भोंगा बंद केला, माणूस धावत करावेला आला, यशोदाबाईला नेलं आणि सगळे विधी पहिल्यापासून झाले.

त्या दिवशी पेला हातात घेत यशोदाबाईनं नवऱ्याला विचारलं, "किती लग्ना केलीव माझ्यासंग? दमलाव नाय?"

तो म्हणाला, दरवेळी च्या मलाच करायला लागला, म्हणून जरा दमलोय.

मग कॅसेट मागं पडली. कुणी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली, कुणी पोरांना खेळायला दिली. घरात एकच उरली होती, तिची फीत एका पावसाळ्यात टेपनं खाल्ली. तुळशीराम ती फीत पेन्सिलीनं गुंडाळत दिवसभर ओट्यावर बसला होता, पण मासळीचं जाळं तुणता येतं म्हणून सगळंच तुणता येतं असं नाही. तेव्हा कुणी फारसं मनाला लावून घेतलं नाही, कारण गाणारी घरात होती.

पुढं यशोदाबाईला दम लागायला लागला आणि ती गेली. जाताना तिनं बायजाचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, की माझ्या घरातलं लग्न मुक्या मांडवात करू नको. बायजानं हो म्हटलं. तेव्हा तिची लेक भाविका परकर सावरत फिरत होती. लग्न फार लांब दिसत होतं.

लांबचं जवळ यायला कितीसा वेळ लागतो? भाविका शिकली, नोकरीला लागली, आणि उरणकडचं कुंदन नावाचं चांगलं स्थळ ठरलं. हॉल ठरला, डीजे ठरला, आइस्क्रीमसुद्धा ठरलं. बायजाच्या डोक्यात एकच घुंगुरडं फिरत होतं, धवला कोण म्हणणार? आजूबाजूच्या धवलारणी एकेक करून गेल्या होत्या. स्वतः आठवायला बसली, तर ओळीचं शेपूट यायचं, तोंड येत नव्हतं. तोंड सासूचं होतं ना! सासऱ्याला विचारलं, तर म्हातारा म्हणायचा, मी चुलीजवळ असायचो, मना शेवटाचा तेवढा ऐकू यायचा. शेवटाचं म्हणजे च्या आना.

बायजा सीवूड्सच्या एका सोसायटीबाहेर टोपली घेऊन बसते. तिचं एक कायमचं गिऱ्हाईक सत्यभामा. साताऱ्याकडची, नवरा हौसेराव मार्केटात पाठीवर गोण्या वाहून आता घरी बसलेला. सत्यभामा अर्धा किलो सुकट घ्यायला येते आणि दोन किलोच्या गप्पा मारून जाते. तिला मोबाईलवर जुन्या ओव्या, लग्नातली गाणी ऐकायचा नाद. एका सकाळी ती आली ती फोन पुढं धरूनच.

"आवं बायजाबाय, ह्यात तुमच्या सासऱ्याचं नाव कसं काय वं?"

टोपलीवरच्या माश्या हाकलणारा हात तसाच राहिला. कुत्रं भुंकलं. मग होरी आली. मग ओळीचं शेपूट झेलणारा एक कोवळा आवाज आला. ही कुठली पोर, असं बायजाच्या मनात आलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ती पोर आपणच. तिनं पदर तोंडाला लावला. सत्यभामेनं गिऱ्हाइकांना हातानंच थांबा म्हणून सांगितलं आणि ती स्वतः सुकट मोजून द्यायला बसली. जरा जास्तच मोजलं, पण त्या दिवशी बायजा काही बोलली नाही.

ते गाणं टाकलं होतं उरणजवळच्या मोरा बंदरावरच्या अरविंदनं. आयुष्यभर लाँचवर नोकरी केलेला माणूस. आगरी-कोळ्यांच्या जुन्या कॅसेटी लोकांच्या माळ्यांवरून गोळा करायच्या, उन्हात वाळवायच्या, साफ करायच्या आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी सोडून द्यायच्या, हा त्याचा उद्योग. ही कॅसेट त्याला एका मांडववाल्याच्या तुटक्या खोक्यात मिळाली. वरचा कागद गेलेला. म्हणून त्यानं खाली लिहिलं होतं, धवलारीण कोण माहीत नाही, नवरी यशोदा, नवरा तुळशीराम, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

खाली लोकांची झुंबड. दुबईतून, पुण्यातून, आणि शेजारच्या नेरुळातूनही. किती वर्षं शोधत होतो, कुणी म्हणत होतं. तळवलीच्या एकानं लिहिलं होतं, आमचं लग्नही याच दोघांच्या नावावर लागलं, तरी संसार बरा चाललाय. यशोदा-तुळशीरामाची जोडी जिथं असेल तिथं सुखी राहो, असे आशीर्वाद तर ढिगानं. पण सगळ्यात जास्त लोकांनी एकच विचारलं होतं. त्या आयेला शेवटी च्या मिळाला का?

भाविकानं हे सगळं आजोबांना वाचून दाखवलं. तुळशीराम ओट्यावर बसून ऐकत होता. गाणं त्यानं आधीच ऐकलं होतं, डोळे मिटून, कुत्र्यासकट.  मग म्हणाला, "लिव, मिलाला. पेला पन परत आला."

बायजानं अरविंदला फोन केला.  इतकी वर्षं तुमचं लग्न ऐकतोय आणि नवरा हयात आहे हे ठाऊक नव्हतं, असं तो म्हाताऱ्याला म्हणाला. बायजाला त्याचे आभार कसे मानावे कळेना. मग तिनं मोऱ्याच्या माणसाला, ज्याच्या दारात मासळीचा बाजार, सुका बोंबील पाठवून दिला. देण्यासारखं तेच होतं, आणि त्यानं ते आनंदानं घेतलं.

बायजाचा नवरा गोटीराम म्हणाला, चला, टेन्शन मिटलं, डीजेवाल्याला सांगू, हळदीला हेच लाव. बायजालाही क्षणभर बरं वाटलं. आयेचाच आवाज मांडवात. आणखी काय पाहिजे?

म्हातारा काठी टेकून उठला.

"मशीन लगीन लावत नाय," तो म्हणाला. "नावा आमची हान त्यान. माझे नातीचा लगीन माझेच नावानं लावतंस, गोट्या?"

कुडाच्या पलीकडून ऐकलेलं वाक्य बायजानं ओळखलं. कॅसेट काढायला बायकोशी भांडलेला माणूस आता बायकोच्या बाजूनं भांडत होता. फक्त हे ऐकायला यशोदाबाई आता नव्हती.

मग तुळशीराम बायजाकडं वळला. आवाज खाली आला.

"तुझा गला त्यान हाय का नाय? मंग तोंड पन तूच घे आता."

तेव्हापासून मासळी साफ करताना बायजाच्या पाटाजवळ फोन. यशोदाबाई तोंड सांगायची, बायजा झेलायची. मग फोन बंद करून दोन्ही स्वतःच म्हणायची. घसरली की ओट्यावरून काठी आपटल्याचा आवाज यायचा. म्हाताऱ्याला शेवटचं तेवढंच ऐकू यायचं म्हणे! सगळं पाठ होतं त्याला, फक्त बायकांचं गाणं पुरुषानं म्हणायचं नाही, म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून बसला होता.

हळद अंगणातच करायची असं ठरलं. चार बांबू, आंब्याच्या डहाळ्या. अरविंद मोऱ्याहून आला आणि कुणी न सांगता चपला बाहेर काढून बसला. सत्यभामा हौसेरावाला घेऊन आली आणि मागून ओळ झेलायला स्वतःच पुढं सरकली. तिच्या धवल्याला साताऱ्याचा वास येत होता, पण मांडवात चालून गेला. बायजाचा आवाज सुरुवातीला कापला. मग होरी आली, आणि त्या होरीत तुळशीराम नव्हता, कुंदन नवरा होता, आणि काठावर भाविका नवरी उभी होती. नावं जागच्या जागी बसली. बायजानं मनातल्या मनात आयेला हात जोडले, अरविंदला जोडले, आणि पितळी पेल्याएवढं पाणी डोळ्यांत आलं ते पदरानं टिपलं.

म्हातारा त्याच पावसाळ्यात गेला, झोपेतच, कुणाला त्रास न देता. शेवटच्या दिवसांत तो फारसा ओट्यावरून उतरला नव्हता. उतरला तो एकदाच, त्या हळदीच्या दिवशी.

शेवटचा धवला संपला तेव्हा बायजाच्या घशाला कोरड पडली होती. डीजेवाला तारा जोडत होता, बायका फोटोसाठी गोळा होत होत्या. गर्दीतून काठी टेकत तुळशीराम येताना दिसला. एका हातात धोतराच्या सोग्यात धरलेला पितळी पेला, आत आलं-गुळाचा कोरा च्या. लोकांनी वाट दिली. सुनेसमोर तो उभा राहिला आणि पेला पुढं केला. ती म्हणाली, बाबा, बसा तरी. तो बसला नाही. ती पिऊन होईपर्यंत तसाच उभा राहिला, रिकामा पेला मागून घेतला, मोरीवर नेऊन धुतला, पिशवीत टाकला, आणि मग पंगतीला बसला.