पूजेला बसलेला सर्व्हर

पूजा झालेल्या यंत्राला पहिल्या गाडीचं वजन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या कापसाच्या जिनिंग मिलमधला नियम. मला तो पूजा झाल्यावर कळला. आदिलाबादला येऊन चारच महिने झाले होते, आणि कोल्हापूरच्याही पलीकडच्या माझ्या गावात कापूस बघायचा तर तो समईच्या वातीत.

नववीत शाळा सोडलेला मी. कॉम्प्युटरच्या दुकानात झाडू मारता मारता मशीन उघडायला शिकलो, आणि बाकीचं व्हिडिओ बघून. शेठनी सर्टिफिकेट मागितलं नाही. "येते का?" एवढंच विचारलं. मी "येतं" म्हणालो आणि तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ बघून सकाळी कामाला जात होतो.

जिनिंगमध्ये तीन जुने कॉम्प्युटर होते, तिन्ही कण्हत चालायचे. मी शेठना म्हटलं, एकच दणकट मशीन घ्या, त्यावर लिनक्स टाकतो आणि त्याच्या आत तीन कॉम्प्युटर बनवतो. एक वजनकाट्याचा, एक बिलाचा, एक गोदामाचा.

"एका पोटात तीन?"

"व्हय."

माझ्या "व्हय"ला हसून शेठनी मशीन घेतलं. मात्र जुने तिन्ही कॉम्प्युटर बारदानात बांधून कोठीत ठेवले. "मुहूर्ताले काटा चालला त हे भंगारात. नाही चालला त हे बाहेर, अन् तू गावी." ते हसत म्हणाले. मी हसलो नाही.

हंगामातली पहिली गाडी काट्यावर चढवायचा मुहूर्त दुपारी बाराचा होता. सकाळीच काट्याची, गाठी बांधायच्या प्रेसची, पट्ट्यांची पूजा झाली. काटेवाले काका तीस वर्षं त्या काट्यावर बसलेले. त्यांनी माझ्या नव्या मशीनलाही झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला आणि मग तो नियम सांगितला. मी भक्तिभावाने मान डोलावली, काट्याच्या खोलीत गेलो, तिथे नवा ठेवलेला, पूजेत नसलेला छोटा कॉम्प्युटर लावला. काट्यावरचं वजन त्याने घ्यायचं आणि मोठ्या मशीनच्या पोटातल्या काट्याच्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं, एवढंच काम.

तिकडून उत्तरच नाही.

आदल्या दिवशी मी सगळं तपासलं होतं, पण त्याच मशीनपुढे बसून. पोटातले तिघेही मजेत बाहेर बघत होते, इंटरनेट चालत होतं, मी खूश. बाहेरून आत कुणी हाक मारू शकतं का, हे तपासायचं सुचलंच नाही. ते तिघे लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांसारखे होते: स्वतः बाहेर जातील, पण गावातल्या कुणाला त्यांच्या खोलीचा पत्ता माहीत नाही. त्यांना जिनिंगच्या जाळ्यात स्वतःचा पत्ता हवा होता. त्यासाठी मोठ्या मशीनमध्ये एक ब्रिज बांधायचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा पूल, आणि मशीनचं नेटवर्क कार्ड आणि आतले तिघे त्यावर आणून सोडायचे.

साडेदहा झाले होते. फाटकाशी तामसी गावाकडून आलेला पहिला ट्रॅक्टर उभा, कापसाच्या ढिगापुढे एक मावशी बसलेली.

आता मशीनला हात तर लावायचा नाही. मी विचार केला, हात लावायचा नाही, पण लांबून बोलायला कुठे बंदी आहे? लॅपटॉप उघडला, काट्याच्या खोलीतूनच मशीनमध्ये शिरलो. पहिली ओळ: ब्रिज तयार. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की शीळ घालत होतो. दुसरी ओळ: कार्ड ब्रिजवर चढव. एंटर.

पडद्यावरचा ठिपका लुकलुकायचा थांबला.

ज्या कार्डावरून मी बोलत होतो, तेच उचलून ब्रिजवर ठेवलं होतं, आणि त्याचा पत्ता ब्रिजला द्यायच्या आधी. आता मशीनला बाहेरून हाक मारायला पत्ताच उरला नव्हता. आत जायचा एकच मार्ग होता, त्याचा स्वतःचा कीबोर्ड. तो नारळाच्या मागे, माळेच्या खाली.

"काऊन रे पाहुण्या," काका दारात आले, "येवढा घाम काऊन येऊन राह्यला?"

मी खरं सांगून टाकलं.

काका शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे देवाले हात लावाचा नाही म्हून तू लांबून धक्का देल्ला."

"व्हय."

"अन् देव पडला."

"व्हय, काका."

"मंग उचल ना लेका! तोंड काय पाहून राह्यला? पट्टा अडकला त आमी काय वर्षभर तसाच ठेवतो का? अक्षता वाहाच्या, माफी मागाची, अन् काम कराचं."

इतकं सोपं होतं! मला हसू यायला लागलं, ते थांबेचना. मोठ्या मशीनपाशी नेऊन काकांनी तांदूळ दिले. मी ते मशीनवर वाहिले, "चुकलो" म्हणालो, माळ वर सरकवली आणि मांडीवर नारळ घेऊन बसलो, कारण तो खाली ठेवू द्यायला काका तयार नव्हते. कुंकवाच्या बोटांनी टाइप करत गेलो. कार्डाचा पत्ता काढला, ब्रिजला दिला. आतल्या तिघांना ब्रिजवर आणलं, प्रत्येकाला जिनिंगमधला स्वतःचा पत्ता दिला. दर ओळीला काका विचारत, "झालं?" आणि मी म्हणे, "अजून नाही." स्पेसची कळ लालेलाल.

बाहेर मावशीचा आवाज चढला होता. "मले कापूस मोजाचा हाय, का तुमचं लगीन लावाचं हाय?"

त्यात आमचं नशीब असं, की पहिल्या गाडीवाल्याला टॉवेल-टोपी द्यायची पद्धत. या वर्षी पहिल्या गाडीवर बाई आलेली बघून शेठनी घाईघाईने लुगडं आणायला माणूस पिटाळला होता. तो दुकानात रंग बघत बसला असावा, आणि त्याची वाट बघत शेठ फाटकाशीच थांबले, काट्याकडे फिरकले नाहीत. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

धावत काट्याच्या खोलीत आलो, तिथल्या कॉम्प्युटरला नवा पत्ता सांगितला. वजन ठेवून बघायची सोय नव्हती; पहिलं वजन कापसाचंच, त्याआधी काट्यावर मुंगीसुद्धा चढू द्यायची नाही असं काकांचं म्हणणं. मी नुसता डोळे फाडून मोठ्या मशीनमधला काट्याचा कॉम्प्युटर पडद्यावर बघत होतो. वजनाचा चौकोन रिकामा होता. रिकामा. रिकामा. मग त्यात एक शून्य आलं.

काट्यावर काही नव्हतं, म्हणजे शून्यच यायला हवं होतं! शाळेत मला बरीच शून्यं मिळाली, पण एकाही शून्याने मी असा उडालो नव्हतो. काकांचा हात धरून मी त्यांना गरागरा फिरवलं.

"सोड बे, कंबर जाईन माही!"

"शून्य आलं काका, शून्य!"

"येवढ्या शून्यात नाचते, त कापूस चढल्यावर काय करशीन?"

लुगडं आलं, हिरवं. बाराला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि शून्याच्या जागी आकडे पळायला लागले, डुलले, स्थिर झाले. बिल छापून आलं. मावशीने लुगडं उलगडून काठ तपासला, मग पावती तपासली, आणि दोन्ही कमरेला खोचून निघून गेली.

मी शेठपुढे जाऊन उभा राहिलो आणि सकाळचं सगळं सांगितलं. पूजेतून मशीन उठवलं हेही सांगितलं, कारण ते मागाहून कळलं असतं तर मला जास्त भीती वाटली असती.

शेठनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

"मले त्यातलं काही समजत नाही," शेठ म्हणाले. "काटा चालून राह्यला ना?"

"व्हय."

"मंग पुढच्या वर्षी पूजेच्या आंधी तपासजो."

पुढच्या वर्षी! ते दोन शब्द मी मनात घोळवतच होतो, तेवढ्यात शेठनी हमालांना हाक मारली. बारदानात बांधलेले तिन्ही कॉम्प्युटर कोठीतून बाहेर निघाले आणि भंगाराच्या ढिगाकडे चालले. तिसरं गाठोडं मीच खांद्यावर घेतलं.