भार्गवीच्या दाराची कडी

लातुरात क्लासेसच्या गल्लीत ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं असतं. भार्गवीला नुसतं बी.ए.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं होतं, तेवढंही जड चाललं होतं. आईनं, महानंदाबाईंनी, बजावून ठेवलं होतं, "फी तुझी तू भर. न्हाई जमलं तर दिवाळीत उदगीरच्या स्थळाला व्हय म्हणून मोकळी होते मी."

म्हणून कॉलेजातून आली की ती मोबाईल उभा करून परदेशातल्या लेकरांना इंग्रजी शिकवायची. कंपनीची अट एकच, पण मोठी जाचक: मागं आवाज नको. तीन तक्रारी झाल्या की काम बंद. दोन झाल्याही होत्या, दोन्ही वडिलांच्या कृपेनं.

वडील, मन्मथअप्पा, मूळचे किल्लारीचे. भूकंपात त्यांची धाकटी बहीण सिंधु आतून कडी लावलेल्या खोलीत गाडली गेली. अप्पा बाहेरून धडका देत होते, तेवढ्यात भिंत बसली. तेव्हापासून राहतील त्या घरातल्या दारांच्या कड्या ते आधी काढून टाकत. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. अप्पा पाणीही फुंकून प्यायचे. लोटलेलं दार दिसलं की ढकलून विचारणार, "हायीस ना गं?" मायाच ती, पण त्या मायेनं पोरीला जीव नकोसा केला होता.

शेवटी एका दुपारी, अप्पा किल्लारीला गेलेले बघून, भार्गवीनं बाजारातून कडी आणली आणि स्वतःच ठोकली. अप्पा रात्री येणार होते. ते चारलाच आले.

मोबाईलवर एक चिमुरडी फळांची नावं म्हणत होती. मागं दार हललं. मग धडकाच सुरू झाल्या. "सिंधे! कडी काढ, सिंधे!" भार्गवी उठेपर्यंत कडी खिळ्यांसकट उखडून आली. पलीकडं पोरगी किंचाळली, तिच्या आईनं फोन कापला. पाच मिनिटांत कंपनीचा निरोप आला: तिसरी तक्रार, काम बंद.

भार्गवीला असा संताप आला की अप्पांना काहीबाही बोलावं. वळून बघते तर ते उंबऱ्यात बसलेले. खांदा सोललेला.

"माझ्यामुळं शिकवणं मोडलं का गं?"

"न्हाई अप्पा. चालूच हाय."

"मग शिकीव. मी गप बसतो हितंच."

ते खरंच गप बसले, लेकीचं इंग्रजी कौतुकानं ऐकत. बंद मोबाईलसमोर भार्गवी एकेका फळाचं नाव घेत राहिली, आणि अप्पांना खरं वाटावं म्हणून मधूनमधून "व्हेरी गुड" म्हणत राहिली.